चार बोटांचा हातमोजा

छातीवर सतरा टाके.
ते घातले कोपनहेगनला, मी झोपेत असताना,
कुणा लांबट चेहऱ्याच्या माणसाने.
काम चांगलं होतं त्याचं,
ओढ सगळीकडे सारखी.

विमानाने परत आणून सोडलं आमच्या फेरो बेटांवर,
क्लाक्सविकला, धक्क्यावरच्या घरात,
आणि मनाया:
किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही,
जिना दिवसातून दोनदाच.
तिकीटखिडकीत आता दुसरी कुणी बसते.
बोटीचा भोंगा झाला की
माझा हात अजून सुट्टे पैसे चाचपतो.

म्हणून सुया.
सुया किटलीपेक्षा हलक्या.

पहिला आठवडा नुसता उसवण्यात गेला.
दहा टाके घातले की दम लागे,
सुलटच्या जागी उलट पडे
आणि ते कळे चार ओळी वर गेल्यावर.
लोकरीचं एक बरं आहे,
उसवल्याचा राग नाही तिला.

मग उकडलेल्या अंड्याला टोपी झाली.
मग हानुसच्या बसच्या गिअरला झगा,
दांडा फार गार लागतो म्हणायचा.
मग वॉर्डात पहाटे फरशी पुसणाऱ्या मारिविकला,
जी पुसता पुसता थांबून
बाहेर हवा कशी आहे ते सांगायची,
तिच्या किल्ल्यांना एक मेंढरू.
एक पाय आखूड झाला त्याचा.
तिने पत्रात लिहिलं, ते बरोबर माझ्यासारखं चालतं.

लोकर संपली त्या सकाळी
दारात पोतं.
चिठ्ठी नाही. आत करडं सूत, कातून आणलेलं,
आणि तोंडाशी जी गाठ
ती वडिलांनी आम्हा दोघांना
एकाच दोरीवर शिकवलेली.

एयुन. माझा भाऊ.
बारा वर्षं बोललो नाही आम्ही
एका कुरणाच्या कडेवरून,
जी त्याच्या मेंढ्यांनाही कधी कळली नाही.
रोज चार वेळा बोट लागायची,
तो डेकवरून दोर फेकायचा,
मी तिकिटं फाडायची.
मध्ये काच.
पीळ आमच्या घराण्यातच आहे.
सूत कातताना कामाला येतो, एरवी नाही.

हातमोजे घेतले विणायला.
माप विचारायची सोय नव्हती,
माझ्याच हातावर धरलं, आणि दोन टाके वाढवले.
उजवा सरळ झाला.
डावा विणताना अनामिकेशी आले, थांबले.

ते बोट विंचमध्ये गेलं
तेव्हा एयुन एकोणीस वर्षांचा होता.
डॉक्टरपर्यंत तो हात मी धरून होते,
माझ्या स्वेटरात गुंडाळून.
तो रडला नाही. मी रडले,
आणि तो मला म्हणाला, बास, स्वेटर भिजतोय.

तिथे मी बोट विणलं नाही.
रिकामंही सोडलं नाही.
टाके एकत्र घेतले, दोरा आतून ओढला,
वारा शिरणार नाही इतकं मिटवलं.
गाठ आत टोचेल म्हणून बाहेर ठेवली.
दिसते थोडी.
दिसू दे.

हानुसने नेऊन दिले.
काय म्हणाला? विचारलं.
काही नाही, हानुस म्हणाला, घेतले.

पाच दिवस नुसता पाऊस आणि धुकं.
सहाव्या दिवशी जिन्याची एक फेरी राखून ठेवली
आणि भोंगा झाल्यावर वर गेले, खिडकीशी.
बोट लागत होती.
डेकवर एयुन, दोर फेकायला हात वर.
इतक्या लांबून बोटं मोजता येत नाहीत.
करडा रंग दिसतो.

दोर फेकून झाला,
खालच्याने तो खुंटाला गुंडाळलाही,
तरी हात वरच होता
जरा वेळ.

खाली आले, किटली ठेवली.
पाणी अंमळ जास्तच पडलं.